मासा कुणाचा, पट्टा कुणाचा?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



नदी वाचवा, मासे वाचवा म्हणत कुणी आलं की नदीकाठच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आधी निळी पूररेषा येते, मग मळईत काय करायचं नाही याची यादी. मोबदल्याचा शब्द कुठेच नसतो. हा प्रश्न आपल्याच वाट्याला आलाय असं नाही. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीची हकीकत ऐका.

ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरचं हे खोरं. दोन्ही महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांना सरकारने तिथे जमिनी दिल्या, कालव्याचं पाणी दिलं. बटाटा, कांदा, लसूणघास अशी पिकं. २००१ साली दुष्काळ पडला आणि एप्रिलात, ऐन हंगामाच्या तोंडावर, सरकारने सुमारे १,४०० शेतकऱ्यांचं २ लाख एकरांचं बहुतेक पाणी तोडलं. कारण काय, तर वरच्या तळ्यातले सकर मासे आणि खालच्या नदीतला सामन मासा १९७३ च्या कायद्याने संरक्षित. मे महिन्यात हजारो माणसं रांगेत उभी राहिली आणि हातोहात बादल्या देत त्यांनी कालव्यात पाणी ओतलं. लगेच २००२ साली सरकारने कालवे सोडले. त्या सप्टेंबरात कमी आणि कोमट पाण्यात रोग पसरून किमान ३४,००० मासे मेले.

एका वर्षी शेतकरी मारला, दुसऱ्या वर्षी मासा. सरकार दोन्ही वेळा तेच!

आता टाळ्या थांबवा, कारण पुढचं आपल्याला कडू लागेल. शेतकऱ्यांनी भरपाईचा दावा लावला. २०१७ साली ते हरले, २०१९ साली अपिलातही हरले. मासा शेतकऱ्यापेक्षा मोठा, असं कोर्ट म्हणालं नाही. तिथल्या आदिवासींचा पाण्यावरचा हक्क शेतकऱ्यांच्या हक्काहून जुना, असं म्हणालं. १८६४ सालचा त्यांचा करार आहे, आणि मासा हे त्यांचं अन्न. मालकी हक्काची भाषा आपण बोलतो ना? मग ती दुसऱ्याच्या तोंडीही ऐकावी लागेल. आपल्या नदीवरच्या भोयाचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर आहे?

त्याच देशात दुसरा रस्ताही आहे. ओढ्या-नदीकाठचा पट्टा शेतकरी कुंपण घालून सोडतो, झाडं लावतो. सावलीने पाणी थंड राहतं, माती वाहून पात्रात जात नाही, अंडी घालायला गोटे-खडी मोकळी राहते. जमीन त्याचीच. सरकार १० ते १५ वर्षांचा करार करून दरसाल खंड देतं. हुकूम नाही, सौदा आहे. सौदा नको असेल त्याने करू नये.

आपल्याकडे असा प्रस्ताव आला तर आधी हिशेब मांडा. १०० मीटर काठ, १० मीटर रुंद पट्टा म्हणजे जवळपास १० गुंठे. ऊस एकरी ४० टन धरला तर १० टन ऊस गेला. तोडणी, खत, पाणी वजा करून जे उरतं त्याच्या खाली खंड घ्यायचा नाही. पूर आला आणि रोपं वाहून गेली तर पुन्हा कुणी लावायची, हे करारातच लिहून घ्या. आणि बोलणीला भोयांची माणसंही बोलवा. त्यांना वगळून केलेला करार पुढे कोर्टात टिकेल याची मला खात्री नाही.