कोलनच्या पुढची रिकामी जागा

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि थोडा लाजिरवाणा. चूक माझीच आहे ना!

मागच्या वर्षी मी एक लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतला होता. मित्रांना आपापले प्रोजेक्ट चालवून बघायचे होते, म्हणून फायरवॉलमध्ये ५००० ते ५०१० एवढे पोर्ट उघडायचे होते. आयपीटेबल्समध्ये ही रेंज कोलन टाकून लिहितात, ५०००:५०१०. दोन्ही टोकं धरली जातात, म्हणजे पोर्ट दहा नाही, अकरा. ५ ते १० तारखेपर्यंत सुट्टी म्हटलं की सहा दिवस मिळतात ना, तसंच.

मी घाईत नुसतं '५०००:' टाइप केलं आणि एंटर मारला. एरर यायला हवी होती, नाही का? आलीच नाही. कोलनच्या पुढे काही नसेल तर आयपीटेबल्स आपणहून ६५५३५ धरतं, म्हणजे शेवटचा पोर्ट. मागे रिकामं ठेवलं तर शून्यापासून सुरुवात.

त्या पट्ट्यात ६३७९ वर माझं रेडिस बसलेलं. पासवर्ड नाही, प्रोटेक्टेड मोड बंद, वर रूटने चालवलेलं. का? तर 'पुढे फायरवॉल आहे की!' चौथ्या दिवशी बघतो तर डेटा साफ, आणि मी कधीच न टाकलेला एक क्रॉन जॉब. मित्राचं महिनाभराचं काम त्यात होतं. बॅकअपचं विचारू नका. सर्व्हर पुसून नव्याने उभा केला. मित्र पंधरा दिवस नीट बोलला नाही.

गंमत म्हणजे पुरावा समोरच होता. 'आयपीटेबल्स -एल -एन' केलं की त्या नियमापुढे स्पष्ट छापून येतं: डीपीटीएस:५०००:६५५३५. मी नियम टाकल्यावर यादी बघितलीच नव्हती.

आणखी एक. मल्टिपोर्टमध्ये कोलनऐवजी स्वल्पविराम टाकलात, ५०००,५०१०, तर फक्त ते दोनच पोर्ट उघडतात, मधले नऊ बंद. यात निदान नुकसान नाही, फक्त डोकेदुखी. एनएफटेबल्समध्ये तर कोलन नाहीच, तिथे आडवी रेघ. यूएफडब्ल्यू मला जास्त आवडतं: रेंज दिली आणि टीसीपी की यूडीपी ते सांगितलं नाही, तर ते नियमच घेत नाही.

पुढच्या वेळी डॉकर. त्याने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूला न जुमानता बाहेर दिसतात, आणि हो, त्यातही मी एकदा आपटलोय. भेटूच!