१.१ कुणाचा?

नेरूळमध्ये सकाळी लॅबचे शटर वर जाते तेव्हा उपाशीपोटी आलेली माणसे बाहेर उभीच असतात. संध्याकाळी रिपोर्ट मिळतो. डोळे ठळक छापलेला आकडा शोधतात, तसा एकही दिसला नाही की कागद पिशवीत आणि पिशवी कपाटावर. क्रिएटिनिन १.१, म्हणजे किडनी ठीक. श्रोतेहो, एवढ्यावर थांबायचे नाही!

पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.१ असेल, तर २०२१च्या सूत्राने त्याचा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला अंदाज, साधारण ९५ निघतो. सत्तर वर्षांच्या आजींचेही तेच १.१, पण ईजीएफआर ५४. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर डॉक्टर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणतात. क्रिएटिनिन येते स्नायूंतून. आजींच्या अंगावर स्नायूच कमी, मग रक्तात ते दिसणार किती?

सोसायटीच्या कचऱ्याचे असेच असते. दोन सफाई कामगारांपैकी एक यायचा थांबला, तरी दुसरा राबतो आणि जिना स्वच्छ दिसतो. क्रिएटिनिन म्हणजे रोजची ठरावीक रद्दी; युरिया म्हणजे ओला कचरा, मटणाचा बेत झाला की वाढणारा. जुलाब झाले, पाणी कमी पडले तरी युरिया चढतो. आणि चार बिऱ्हाडांच्या इमारतीचा डबा चाळीस बिऱ्हाडांच्या मापाने पाहून ‘अजून भरला नाही’ म्हणायचे, ही आजींच्या रिपोर्टातली गफलत.

बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, १५ असेल तर युरिया सुमारे ३२. एका लॅबने बीयूएन लिहिला, दुसरीने युरिया, की आकडा दुप्पट झाला म्हणून घर हादरते. आधी नाव वाचावे, मग आकडा.

मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिसची पाळी येते. १९७५ मध्ये आणीबाणीतल्या स्थानबद्धतेतून सुटलेले जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. १९७९ मध्ये जाईपर्यंत ते डायलिसिसवर होते. आता राष्ट्रीय कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतही डायलिसिस होते. पण ती पाळी टाळायची संधी आधीच्या रिपोर्टांत असते, म्हणून पुन्हा तेच सांगायचे: १.१ कुणाचा, वय किती, ईजीएफआर किती? छापलेला नसेल तर डॉक्टरांना विचारायचा. मागच्या वर्षीचा कागदही शेजारी ठेवायचा.

वेळ संपत आली आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचे राहूनच गेले. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० किंवा त्याहून जास्त, तीन महिने टिकले, तर रक्तातले क्रिएटिनिन बरोबर असूनही आजार धरतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा रक्ताबरोबर लघवीही तपासून घ्यावी.