आधी चढ मोजा, मग कॅमेरा घ्या

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला वेळ दिलाय पंधरा मिनिटं, आणि विषयही त्यांनीच ठरवलाय. डिसेंबरात आपल्यातले बावीस जण कळसूबाईला निघालेत. काहींचं पुढच्या उन्हाळ्यात लडाखचं ठरतंय. त्यामुळे गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय : "कॅमेरा कोणता घेऊ?" मी वीस वर्षं सह्याद्रीत कॅमेरा घेऊन हिंडते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला.

पहिलं उत्तर थोडं निराश करणारं आहे. आधी ठरवा, कॅमेरा हवाच आहे का? उन्हातला डोंगर, जेवणाची पंगत, सगळ्यांचा एकत्र फोटो, यासाठी खिशातला फोन पुरतो. वेगळा कॅमेरा घ्यायचा तो तीन कारणांसाठी : लांबचं जवळ आणायला, कमी उजेडात चेहरे टिपायला आणि पाऊस-धुळीत निर्धास्त राहायला. यातलं एकही कारण तुमचं नसेल, तर ते पैसे चांगल्या बुटांवर घाला. गुडघे दुवा देतील.

कारण असेल, तर दुकानात जाण्याआधी चढ मोजा. कळसूबाई १६४६ मीटर, आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर दोन्ही हात कठड्याला लागतात. मोठा कॅमेरा आणि त्याचं जाडजूड भिंग मिळून वजन सहज दीड किलोच्या पुढे जातं. ते गळ्यात लोंबत असलं, की प्रत्येक पायरीवर आपटतं आणि तोल पुढे खेचतं. मग माणूस कॅमेरा सॅकच्या तळाशी टाकतो आणि तो थेट घरी आल्यावरच बाहेर निघतो. म्हणून माझा नियम असा : कमरेच्या पट्ट्याच्या पिशवीत मावेल आणि एका हाताने काढता येईल, तेवढाच कॅमेरा घ्यायचा.

आता आपल्या वयाची एक गोष्ट. आपल्या सगळ्यांना चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. भर उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही आणि जवळचा चष्मा सॅकमध्ये असतो. त्यामुळे डोळा लावून पाहायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असलेलाच कॅमेरा बघा. त्याच्या बाजूला एक छोटी चकती किंवा कळ असते. ती फिरवून आपल्या नंबराप्रमाणे चित्र स्पष्ट करता येतं. दुकानात आधी हे करून पाहा, मेगापिक्सेल नंतर विचारा.

भिंगावरचे आकडे पाहून घाबरू नका. २४ मिलिमीटर म्हणजे अख्खा वर्ग एका चौकटीत. ५० म्हणजे साधारण आपल्याला दिसतं तसं. ९० म्हणजे एका मैत्रिणीचा चेहरा. ३०० म्हणजे भीमाशंकरच्या झाडावरचा शेकरू. जेवढा आकडा मोठा, तेवढं लांबचं जवळ.

आत प्रकाश टिपणारी पट्टी असते, तिला सेन्सर म्हणतात. ती मोठी, तर संध्याकाळचे फोटो स्वच्छ. पण मग भिंगही मोठं आणि वजनही. एक इंची सेन्सर असं नाव ऐकाल, पण त्याची रुंदी प्रत्यक्षात १३.२ मिलिमीटरच असते. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आलंय. मायक्रो फोर थर्ड्‌स या जातीचा सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या जवळपास दुप्पट असतो. ही पद्धत ऑलिंपस आणि पॅनासोनिक यांनी २००८ साली आणली.

आपल्या कामाचे तीन मार्ग मला दिसतात.

पहिला, ज्यांना भिंगं बदलायची नाहीत त्यांच्यासाठी. सोनीचा आरएक्स१०० मालिकेतला सातवा कॅमेरा २४ ते २०० मिलिमीटरपर्यंत जातो, वजन सुमारे ३०० ग्रॅम. त्यातून वर येणारी व्ह्यूफाइंडरची खिडकीही आहे. पण पावसापासून संरक्षण नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरा, पावसाळी भटक्यांसाठी. ऑलिंपसचा टीजी-६ किंवा त्यानंतर आलेला टीजी-७ पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो आणि फुलापासून एक सेंटिमीटरवरून फोटो काढतो. कासच्या पठारावर वाट न सोडता, कडेचं फूल टिपायला उत्तम. मात्र त्याचा सेन्सर लहान आणि व्ह्यूफाइंडर नाही.

तिसरा, ज्यांना हा छंद पुढे न्यायचाय त्यांच्यासाठी. ओएम-५ हा कॅमेरा आणि १४-१५० मिलिमीटरचं भिंग मिळून वजन सुमारे ७०० ग्रॅम. या जातीत आकडा दुप्पट करून वाचायचा, म्हणजे २८ ते ३००. कॅमेरा आणि भिंग दोन्ही पाण्याच्या शिंतोड्यांपासून बंदिस्त आहेत. दोन्ही तसे हवेत. एकच बंदिस्त असेल तर पाणी दुसऱ्या वाटेने शिरतं. जोडीला ४५ मिलिमीटर, एफ १.८ हे ११६ ग्रॅमचं छोटं भिंग घ्या. एफ ४.५पेक्षा ते सहापट प्रकाश आत घेतं. गावातल्या घरात, चुलीच्या उजेडात, चेहरे यानेच येतात. बाकी भिंगांचा मोह टाळा. डोंगरावर भिंग बदलताना धूळ आत जाते, आणि बदलेपर्यंत शेकरू निघून जातो.

आता ज्यासाठी मी खरं तर उभी राहिले, ते सांगते. लांबचं भिंग हे सुरक्षिततेचं साधन आहे. फोनवाला चांगल्या फोटोसाठी पुढे पुढे सरकतो, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी पुढे सरकायला जागा नसते. पडद्याकडे बघत मागे जाणारा तर त्याहून धोक्यात असतो. कड्यापासून दोन माणसं मागे बसून, झूम करून, तोच फोटो येतो. डिसेंबरात आपल्या गटाचा नियम हाच राहील : चालताना कॅमेरा पिशवीत, कॅमेरा हातात तेव्हा पाय थांबलेले. कुणी मोडला, तर मी शाळेतल्यासारखी नाव लिहून बाईंकडे देईन.

सांभाळण्याबद्दल थोडं. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या भिंगात बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि अधूनमधून वापरा. एसी गाडीतून दमट हवेत उतरताच कॅमेरा उघडू नका, काचेवर बाष्प धरतं. पिशवीतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून लडाखला जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, चेक-इनच्या बॅगेत नाही.

जुना कॅमेरा घेत असाल, तर भिंगातून मोबाइलची टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर परत द्या. झूम पूर्ण बाहेर-आत करून कान द्या. घरघर ऐकू आली, की आत रेती आहे असं समजा.

शेवटचा मुद्दा ही स्मरणिका करताना लक्षात आला. आपले चार वर्गमित्र आज आपल्यात नाहीत. समिती त्यांचे फोटो शोधत होती, तेव्हा धबधब्यांचे, सूर्यास्तांचे, गडांच्या दरवाजांचे शेकडो फोटो आले. त्या चौघांचे चेहरे मात्र लग्नाच्या पंगतीत अर्धे, नाहीतर मागच्या रांगेत पुसट. एकाचा तर फक्त शाळेच्या ओळखपत्रावरचाच मिळाला.

म्हणून कळसूबाईच्या माथ्यावर प्रत्येकाने पाच फोटो डोंगराचे काढले, तरी एक शेजारच्याचा काढा. ९० मिलिमीटर, प्रकाश चेहऱ्यावर आणि नाव लिहून ठेवलेलं. घरी आल्यावर तो छापून त्याच्या हातात द्या. छापण्याचा खर्च माझ्याकडे.

कॅमेरा विकत घ्यायच्या आधी ज्यांना हाताळून बघायचाय, त्यांनी चहाच्या वेळी माझ्या टेबलाकडे या. वरचे तीनही प्रकार आणलेत. वजन करायला तराजूही आणलाय.