शाळेची परसबाग आणि शेणखत
(केंद्रातील शिक्षकांच्या सभेसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील शाळेच्या परसबागेस पाण्याची अडचण असते, कुंपणाची असते, सुट्टीत राखण कोणी करावी याचीही असते. परंतु खताची अडचण आहे असे सहसा कोणी म्हणत नाही. गाव म्हटले की गोठा आला, गोठा आला की शेण आले, आणि शेण म्हणजेच खत, अशी सर्वत्र समजूत आहे. या समजुतीतील शेवटची पायरी तेवढी चुकीची आहे. शेण हे खत नव्हे. ते खताचे कच्चे द्रव्य होय. ज्वारी आणि भाकरी यांत जे अंतर, तेच शेण आणि शेणखत यांत आहे. हे अंतर ध्यानी न घेतल्यामुळे शाळेची बाग पुष्कळदा पहिल्याच हंगामात निराशा करते, आणि मग दोष बियाण्यास किंवा जमिनीस दिला जातो.

जूनमध्ये शाळा उघडते. मुले उत्साहाने वाफे आखतात, घरोघरचे ताजे शेण घमेल्यांतून आणून मातीत मिसळतात आणि दुसऱ्याच दिवशी मेथी-पालकाचे बी टाकले जाते. बी विरळ उगवते, उगवलेली रोपे पिवळी पडतात. याचे कारण असे की, गोठ्यातून येणाऱ्या शेणात वैरणीच्या काड्या आणि चिपाडे मिसळलेली असतात. ती कुजविणारे सूक्ष्म जीव आपल्या वाढीसाठी मातीतीलच नत्र उचलतात आणि तेवढे दिवस रोपांच्या वाट्याला काही उरत नाही. कोंबडखत ताजे टाकले तर याच्या उलट प्रकार घडतो. त्यातील तीव्र नत्राचा अमोनिया होतो आणि कोवळी मुळे अक्षरशः भाजून निघतात. शिवाय अर्धकच्च्या शेणाबरोबर हुमणी येते, वाळवी येते, आणि जनावराच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडलेले तणाचे बीही येते. ज्या मुलांनी एवढी मेहनत केली, ती मुले पुढे वर्षभर खुरप्याने तण उपटीत बसतात.

तथापि पिकाचे नुकसान ही यातील लहान बाब होय. परसबागेतील भाजी दुपारच्या शालेय पोषण आहारात शिजते; कोथिंबीर वरून टाकली जाते, मुळा आणि गाजर मुले वाफ्यातच उपटून, सदऱ्याला पुसून खातात. ताज्या शेणात आतड्याचे विकार उत्पन्न करणारे जंतू असतात आणि ते मातीत कित्येक आठवडे जिवंत राहू शकतात. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या सरकारी नियमांत यासाठी मुदत घालून दिली आहे: ज्या भाजीचा मातीशी संबंध येतो तिच्या काढणीपूर्वी कच्चे शेण निदान १२० दिवस आधी, आणि इतर खाद्य पिकांस ९० दिवस आधी मातीत मिसळलेले असावे. मेथी महिन्याभरात खुडण्यास येते. मग मेथीच्या वाफ्यात ताजे शेण घालण्यास जागा कोठे उरली? कुत्र्या-मांजरांची विष्ठा तर मुलांच्या बागेच्या खतात, कुजविण्यासाठी म्हणूनसुद्धा, मुळीच घालू नये.

शेण नीट कुजले म्हणजे त्यातून मिळते तरी काय? साधारण चांगल्या शेणखतात शेकडा अर्धा भाग नत्र, पाव भागाच्या आसपास स्फुरद आणि अर्धा भाग पालाश असतो. म्हणजे १०० किलो खतात नत्र सुमारे अर्धा किलो. तेवढे नत्र किलोभर युरियातही असते. या हिशेबाने पाहिले तर शेणखत वाहण्याचा खटाटोप कोणी करू नये. परंतु युरिया मातीची घडण बदलीत नाही. शेणखताने चिकण माती भुसभुशीत होते, मुरमाड माती ओल धरू लागते, आणि ज्या बागेस उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी मिळण्याची पंचाईत, तेथे ओल धरणाऱ्या मातीची किंमत नत्राहून अधिक आहे. शेळ्या-मेंढ्यांचे लेंडीखत आणि कोंबडखत शेणखताच्या कैक पटींनी जोमदार असते. म्हणून ते थोडे घ्यावे आणि तेही कुजवूनच.

येथे एका नासाडीचा उल्लेख करणे अवश्य आहे. गावात शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जातो. ज्या घरी दुसरे जळण नाही त्या घरास नावे ठेवण्यात अर्थ नाही, आणि शाळेने कोणाच्या चुलीवरचे शेण मागू नये. परंतु जनावराचे मूत्र, ज्यात नत्राचे आणि पालाशाचे प्रमाण शेणाहून जास्त असते, ते तर कोणाच्याच उपयोगी न पडता गोठ्यात जिरून जाते. गोठ्याच्या जमिनीवर सुकी माती पसरावी आणि ती मुताने भिजली की खरवडून खड्ड्यात टाकावी, एवढ्याने ही नासाडी टळते. मुलांनी घरून शेणाऐवजी ही माती आणली तरी खताचे काम होते. उघड्या उकिरड्याची गोष्टही अशीच. उन्हाने त्यातील नत्र उडून जाते, पावसाने उरलेला कस धुपून ओढ्याला मिळतो, आणि शेतावर जाते ती नुसती काळी पेंढी.

या विषयाचा शास्त्रीय पाया भारतातच रचला गेला, ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. इंदूर येथील वनस्पतिउद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात शेण, पालापाचोळा, मूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ठराविक दिवसांनी ते पालटून खत करण्याची रीत बसविली. १९३१ साली यशवंत वाड यांच्यासह त्यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून देशोदेशी पोहोचली. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी पुढे विटांच्या जाळीदार टाक्याची रीत काढली. तीच त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. तिचे मर्म असे की, नव्वद-शंभर किलो शेणात चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा आणि त्याहून थोडी अधिक माती घालून खत होते. शेण थोडे असले तरी चालते; ते येथे विरजणाचे काम करते.

शाळेस एवढे मोठे टाके लागत नाही. लांबी दोन मीटर, रुंदी आणि खोली एकेक मीटर एवढा खड्डा पुरतो. याहून लहान केला तर आत ऊब धरत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, तेथे जमिनीवर ढीग रचून वर पेंढ्याचे छप्पर करावे. जागा विहिरीपासून आणि हातपंपापासून दूर असावी. तळाशी काटक्या, त्यावर वीतभर पालापाचोळा, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, त्यावर मातीचा पातळ थर, असे थर वर येईपर्यंत द्यावेत. ओल किती असावी याची खूण सोपी आहे: मूठभर जिन्नस दाबला असता बोटांतून दोन-चार थेंब यावेत, धार लागू नये. चार-पाच दिवसांनी आत लोखंडी सळई खुपसून काही वेळाने काढली तर ती हातात धरवत नाही. ही उष्णताच जंतूंना आणि तणाच्या बियांना मारते. ती निदान ५५ अंशांवर जाऊन काही दिवस टिकली पाहिजे. बाहेरचा भाग मात्र थंडच राहतो, म्हणून पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी खत पालटून बाहेरचे आत घालावे. सळई गरम होत नसेल तर शेण कमी पडले, ओल कमी पडली किंवा हवा कोंडली, असे समजावे. सळईचा हा पाठ पुस्तकातील चार पाठांपेक्षा मुलांच्या अधिक ध्यानात राहतो.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. खतास सुमारे तीन महिने लागतात, आणि ते जूनमध्ये हवे तर मार्चमध्ये खड्डा भरून भागत नाही. मे महिन्यात शाळा बंद, पाणी घालण्यास कोणी नाही, खड्डा वाळून कुजणे थांबते. म्हणून जानेवारीच्या अखेरीस पानगळ सुरू असताना खड्डा भरावा, एप्रिलअखेर खत तयार होते. दुसरा खड्डा जुलैमध्ये भरला तर दिवाळीनंतरच्या मेथी-पालक-मुळ्यास ते खत मिळते.

आता हातांविषयी. मराठी माणूस शेणाने अंगण सारवितो आणि लाजिरवाण्या कृत्यासही ‘शेण खाल्ले’ असेच म्हणतो. शेण काढण्याचे काम घरात बायकांकडे आणि गावात ठराविक घरांकडे लागलेले असते, आणि ही वाटणी मुले शाळेत येताना बरोबर घेऊनच येतात. शिक्षकाने ‘कोण आणणार?’ असे विचारले की नेहमीचीच चार नावे पुढे येतात. त्या मुलांना ते काम आवडते असे मानणे ही शिक्षकाची स्वतःची फसवणूक होय. पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लागावी, मुले-मुली हा भेद नसावा, पहिले घमेले शिक्षकाने उचलावे, आणि खड्ड्याचे काम शिक्षा म्हणून कोणासही कधीही देऊ नये. ज्या बागेत हे सांभाळता येत नाही त्या बागेची भाजी कितीही हिरवी असो, ती नसलेली बरी. पालकांची हरकत आली तर त्यांना पालटणीच्या दिवशी बोलवावे; वाफाळणारा खड्डा पाहून बहुतेकांचे बोलणे शेतीकडे वळते.

काळजी एवढीच, की पहिली-दुसरीची मुले खड्ड्यापाशी नसावीत, पायांत पादत्राण असावे, हातापायास जखम असेल त्याने त्या दिवशी नुसती नोंदवही धरावी, आणि काम संपताच सर्वांनी साबणाने हात धुवावेत. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. दहाव्या वर्षी द्यावयाची लस कोणाची राहिली आहे, हे याच निमित्ताने आरोग्यसेविकेकडून पाहून घ्यावे.

तयार खताला शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा येतो. ते हातात चुरते आणि त्यातील काडी ओळखू येत नाही. तरीही शंका असेल तर दोन कुंड्या घ्याव्यात, एकीत नुसती माती, दुसरीत निम्मे खत, आणि दोहोंत मेथीचे वीस-वीस दाणे पेरावेत. खताच्या कुंडीत उगवण कमी दिसली तर खड्डा आणखी तीन आठवडे झाकून ठेवावा. दर चौरस मीटरला दोन ते अडीच किलो खत पुरते. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्यास किती लागेल आणि एका घमेल्यात किती मावते, हे गणित मुलांनी वजन करून सोडवावे. उरलेले खत मे महिन्यात उघडे टाकू नये. सावलीत ढीग करून वर पाचोळा आणि ओले पोते घालावे, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी तो ढीग मुलांनीच उघडावा.