अँटेनाला समोरचं दिसलं पाहिजे
(प्रभागसंघाच्या बैठकीत एका बीसी सखीनं केलेलं भाषण)

निराधारचा पगार जमा झाला की म्हातारी माणसं केंद्रावर येऊन बसतात, अंगठा देतात, आणि मशीनवर नुसतं गोल फिरत राहतं. हे सगळ्यांनी पाहिलंय. मशीन बदलायच्या आधी अँटेना कुणीकडं बघतीय ते पाहा.

आपल्याकडं डोंगर आडवे येतात. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० थाळ्या आहेत, एकेक ४५ मीटर रुंद. ती इथं आली त्याचं एक कारण हेच डोंगर. शहरातला रेडिओचा गोंगाट ते अडवतात. त्यांना जी आड हवी, तीच आपल्याला नडते.

टीव्हीची छत्री आभाळातल्या उपग्रहाकडं बघते. पंचायतीवरून केंद्राकडं येणारं वायरलेस नेट मात्र जमिनीलगत सरळ रेषेत येतं. पण 'पंचायतीचं छप्पर दिसतंय ना' एवढ्यावर खूष होऊ नका. लहरींची वाट दोरीसारखी बारीक नसते, ढोलकीसारखी मधे फुगते. दोन किलोमीटर अंतर आणि ५ गिगाहर्ट्‌झची अँटेना असेल, तर मध्यावर रेषेच्या चहूबाजूंनी साधारण ५ मीटर मोकळं हवं. निदान ३ मीटर तरी.

सगळ्यात फसवतो तो साग. उन्हाळ्यात उघडाबोडका, आरपार दिसतं. अँटेना लागते, नेट पळतं. जुलैत पानं भरतात, पावसानं ओली होतात, की सिग्नल बसला! म्हणून मे महिन्यात जागा ठरवताना जुलैतलं झाड डोळ्यासमोर आणा. बांधावरचा बांबू आणि शेजारच्यांचा होऊ घातलेला दुसरा मजलासुद्धा. झाड तोडायला सांगून भांडण ओढवण्यापेक्षा पाईप वाढवलेला बरा.

अँटेना फिरवताना एक जण वर, दुसरी खाली मोबाईलवर आकडा वाचायला. हा आकडा उणे असतो. उणे ८० पेक्षा उणे ६० चांगला. थोडं फिरवा, थांबा, मग वाचा. सुधारत गेलेला आकडा बिघडायला लागला की थोडं मागं या आणि नट आवळा. पंचायतीवरची अँटेनाही आपल्याकडं वळलेली हवी, हे पुष्कळदा राहून जातं.

विजेच्या तारा इतक्या लांब हव्यात, की पाईप आडवा पडला तरी लागणार नाही. अर्थिंग वायरमनकडूनच करून घ्या. वळवाचे ढग गडगडायला लागले की वर कुणी जायचं नाही, नेट बंद पडलं तरी चालेल.

पुढच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघानं केंद्राच्या छपरावरून पंचायतीच्या दिशेनं काढलेला एक फोटो आणा. मधे झाड दिसलं तर ते कुणाच्या बांधावर आहे, तेही विचारून या.