वजनाबरोबर उंचीही मोजूया

सभागृहात मागच्या रांगांत बसलेल्या माझ्या अंगणवाडीताई, मदतनीस व आशाताई,

ताईंनो, पुढे येऊन बसा. आजचा विषय रोज तुमच्याच हाताखालून जातो.

शहरातल्या आणि खेड्यातल्या मुलांची वाढ व लठ्ठपणा यांवर परिषद भरवायची, तर ती पुण्या-मुंबईत का नाही, असे काहींनी विचारले. लठ्ठपणा शहराचा आणि कुपोषण खेड्याचे, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. ती आता टिकत नाही, म्हणून आपण केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला जमलो आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा ३५.२ झाला. त्याच काळात जादा वजनाची मुले १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेली. एक दुखणे हटले नाही आणि दुसरे दारात आले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपली बाळे हलकी असूनही त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. अशा शरीरात पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. किडकिडीत दिसणारे लेकरूही या धोक्यातून सुटत नाही, हे आपल्याला खेड्यातल्या बाळांनीच शिकवले.

म्हणून माझे म्हणणे एकच आहे: नुसत्या वजनावर विसंबू नका. वजन घेणे त्यातल्या त्यात सोपे. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी मात्र त्याला फळीवर आडवे झोपवून घ्यावी लागते. एकीने डोके वरच्या पट्टीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे हलके दाबून तळपाय सरळ करायचे, आणि तोवर लेकरू आकांत करते. हे एकट्या ताईचे काम नव्हे. माप चुकले की वाढीचा तक्ता चुकतो. मग खुजे मूल ‘चणीने बारीक’ म्हणून सुटते, आणि वजन वाढले की आपण निश्चिंत होतो. उंची न वाढता चढलेले वजन पोटावर बसू शकते, इकडे लक्ष जात नाही.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात आणि लेकरेही आईबापांबरोबर साखर कारखान्यावर जातात. पहाटे आई उसाच्या फडात जाते, धाकटे कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, थोरल्या बहिणीकडे राहते, आणि भूक लागली की चहा नि बिस्किटाचा पुडा. वाढीच्या ऐन वयातले चार-पाच महिने असे जातात. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद करण्याची सोय आहे. पण ती नोंद पाहून कारखान्याजवळच्या अंगणवाडीने त्या कोपीपर्यंत पोचले पाहिजे. जवळच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या तरुण डॉक्टरांनी या कामात हात द्यावा, अशी माझी विनंती आहे.

परिषदेने एक ठराव जरूर करावा, असे मला मनापासून वाटते: जत्रेत नि जयंतीला भरणाऱ्या गुटगुटीत बालक स्पर्धा आता बंद कराव्यात. बक्षीसच द्यायचे, तर ज्या आईने वर्षभर बाळाची उंची आणि वजन दोन्ही न चुकता मोजून घेतले, तिला द्या.