जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

घरातला सात-आठ वर्षांचा संगणक सध्या अनेकांना कोड्यात टाकतो आहे. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. बऱ्याच जुन्या यंत्रांत ते नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, पण तात्पुरत्या मुदतवाढीची सोय सोडली तर सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद! मग त्यावर बँकेचे व्यवहार करायचे कसे? नवा संगणक घेण्याआधी एक पर्याय जरूर पाहावा. तो म्हणजे लिनक्स.

यंत्र आणि आपले प्रोग्राम यांच्यामध्ये कारभार पाहते ती ऑपरेटिंग सिस्टिम. कारभारी बदलला म्हणून घर बदलावे लागत नाही. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातली साधने त्याला जोडली गेली. हा कोड कोणीही पाहावा, सुधारावा आणि वाटावा, अशी मुभा आहे. त्यातूनच डेबियन, उबुंटू, मिंट असे अनेक अवतार तयार झाले. आपल्याकडे सी-डॅकने ‘बॉस’ नावाची प्रणाली केली आहे.

मग निवडायचे कोणते? विंडोजची सवय असलेल्या नवख्याला ‘मिंट’ सोयीचे. खाली डावीकडे मेनू, तशाच खिडक्या. ‘मिंट २२’ला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर उत्तम. यंत्र अशक्त असेल तर त्याची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घ्यावी.

मात्र आधी आपल्या कामांची यादी करा. इंटरनेट, ई-मेल, पत्रे, हिशेबाचे तक्ते, चित्रपट हे सगळे व्यवस्थित चालते. टॅली किंवा फोटोशॉपवर पोट अवलंबून असेल, तर विंडोज पूर्णपणे सोडू नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी फाइली तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतात. त्या आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या. नव्याने मराठी लिहायला इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लिनक्स बसवण्याआधी वापरून पाहता येते. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा आणि ‘रुफस’सारख्या प्रोग्रामने ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून भागत नाही. संगणक सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी आपल्या यंत्राची कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडा. लिनक्स थेट त्यावरूनच चालेल. हार्ड डिस्कला धक्का लागणार नाही. थोडे संथ वाटेल, पण वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर चालतो का, हे तपासता येते. न पटल्यास पेन ड्राइव्ह काढा. विंडोज जागच्या जागी असेल.

पटले, तरी लगेच पुढे जाऊ नका. फोटो, कागदपत्रे, हिशेब यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती उघडून पाहा. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा. बसवताना दोन मुख्य पर्याय येतात: विंडोजच्या शेजारी बसवणे किंवा संपूर्ण डिस्क पुसून बसवणे. पहिल्यात संगणक सुरू करताना हवी ती प्रणाली निवडता येते. दुसऱ्यात जुने सारे जाते. त्यामुळे तो पर्याय निवडताना पडद्यावरची सूचना दोनदा वाचा.

भीती लिनक्सची नको. जपायचे ते या एका बटणापासून. बाकी सगळे करून पाहण्यासारखे आहे आणि खर्च एका पेन ड्राइव्हचा.